टेरेस, चुना आणि आईची खोली: उन्हाळा २०२४ च्या नोंदी

१० मार्च, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. दरवर्षी मे महिन्यात आम्ही सगळे घामाघूम होऊन म्हणतो की पुढच्या वर्षी काहीतरी करायचंच, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की कांदाभजी खाऊन सगळं विसरतो. तर यंदा वही. म्हणजे फोनमधल्या नोट्सच, पण वहीच म्हणू.

परिस्थिती अशी की नाशिकला इंदिरानगरात तीन मजली जुनी बिल्डिंग, वरचा मजला आमचा, म्हणजे डोक्यावर थेट टेरेस. आईची खोली नेमकी पश्चिमेच्या कोपऱ्यात, वरून स्लॅब तापतो आणि दुपारनंतर भिंत. मागच्या वर्षी आई एप्रिलच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत हॉलमध्ये गादी टाकून झोपली. वय ७४, बीपीची गोळी चालू, गुडघे धरलेले, खालून उठताना दरवेळी कोणीतरी हात द्यायला लागतो आणि तिला तेच आवडत नाही.

ताई अमेरिकेत, फीनिक्सला. अक्षरशः वाळवंटातलं शहर. तिचं म्हणणं एकच, एसी लाव, पैसे मी पाठवते. आईचं म्हणणं पण एकच, मला ते गार वारं सोसत नाही. आणि इलेक्ट्रिशियनचं तिसरं, त्या खोलीची वायर पातळ आहे, एसी लावायचा तर मीटरपासून नवीन लाईन ओढावी लागेल, भिंती फोडा. म्हणून ध्येय असं लिहितो: मे महिन्यात आईने स्वतःच्या पलंगावर, स्वतःच्या खोलीत रात्रभर झोपायचं, एसीशिवाय. दुपारचं काय ते नंतर बघू.

१७ मार्च, रविवार

आधी मोजमाप, नाहीतर सगळा "वाटतंय बुवा गार" असा कारभार होतो. कोविडमधली कपाळाला लावायची गन काढली आणि टेरेसवर जाऊन कोब्यावर धरली तर स्क्रीनवर नुसतं "हाय". मला वाटलं सेल गेले. मग कळलं की ती गन माणसाच्या तापापुरतीच बनवलेली, ४३ च्या वर गेलं की हात वर करते. कोबा मार्चमध्येच तिच्या हिशोबाने मेलेला माणूस.

सातपूरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला मित्र आहे, त्याच्याकडून खरी टेंपरेचर गन आणली, महिनाभर वापर म्हणालाय (भो, पाडू नको, एवढंच सांगितलं). तिचीपण एक खोड आहे, चकचकीत स्टीलवर धरली की आकडा खूप कमी दाखवते, पत्र्याची टाकी २९ म्हणत होती आणि हात लावला तर चटका. खरखरीत, रंगवलेल्या, सिमेंटच्या गोष्टींवर बरोबर चालते.

२३ मार्च, शनिवार

आठवडाभर दर दोन तासांनी मोजलं. घरातले वैतागले. पण एक गोष्ट अशी सापडली की मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

टेरेसचा कोबा दुपारी दोन-अडीचला सगळ्यात जास्त तापतो, आत्ताच ५६ पर्यंत. पण आईच्या खोलीचं छत, म्हणजे स्लॅबची खालची बाजू, तेव्हा जेमतेम ३३ असते. ती तापत जाते, तापत जाते आणि रात्री साडेआठ-नऊला ३८ वर पोचते. दुपारचं ऊन कोबा आणि स्लॅब पार करून खाली यायला पाच-सहा तास घेतं. म्हणजे ज्या वेळी बाहेर हवा मस्त पडलेली असते, खाली कट्ट्यावर लोक स्वेटर नाही पण निदान कॉलर सैल न करता बसलेत, त्या वेळी आमच्या डोक्यावर अख्खा तवा. आणि आपण काय करतो, सीलिंग फॅन पाचवर करतो, तो छताला चिकटलेली तीच गरम हवा अंगावर ढकलतो.

काल रात्री दहाला: बाहेर २४, खोलीत ३३, छत ३७.

हा आकडा मी तीनदा बघितला. बाहेर २४! नाशिक उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर, हवा कोरडी, सूर्य गेला की इथली रात्र खरंच उतरते. ती रात्र आमच्या खिडकीपर्यंत येते आणि स्लॅबमुळे आत येऊ शकत नाही. ताईला रात्री साडेनऊला फोन केला (तिकडे सकाळचे नऊ, ॲरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत त्यामुळे बारा महिने साडेबारा तासांचाच फरक) आणि हे सांगितलं तर ती गप्पच झाली. म्हणाली, अरे आमच्याकडे तीच तर बोंब आहे. २०२३ ला ३० जूनपासून त्यांच्याकडे सलग ३१ दिवस ४३ च्या वर गेलं होतं हे मला माहीत होतं, पण ती म्हणाली दिवसाचं सोड, त्या महिन्यात कितीतरी रात्री पारा ३२ च्या खालीच आला नाही. पहाटे पाचला ३२. सगुआरो म्हणून तिकडचं माणसाहून कितीतरी उंच निवडुंग असतं, वाळवंटातच जन्मलेलं, तेसुद्धा रात्री गार न पडल्याने कोसळत होतं. शहराचं सगळं काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत बसतं.

म्हणजे आमचा स्लॅब म्हणजे छोटं फीनिक्स. फक्त बाहेर नाशिक आहे.

३० मार्च, रंगपंचमी

काम शून्य. तिवंध्याच्या रहाडीवर, म्हणजे जुन्या नाशकातल्या जमिनीतल्या रंगाच्या हौदावर गेलो, बऱ्याच वर्षांनी. धप्पा (उडी) मारला आणि जीव कंठाशी आला, पाणी इतकं गार. वर डोकं तापलंय, खाली दगडी हौदात रंगाचं पाणी आणि दात वाजतायत. जमिनीतल्या गोष्टी का गार राहतात ते पुस्तकात वाचायची गरज नाही, नाशिककराने रहाडीत उडी मारावी. आई म्हणाली वाड्यात पण असंच होतं, तिचं माहेर जुन्या नाशकात, जाड भिंती, मध्ये चौक, उन्हाळ्यात दुपारी खालच्या खोलीत गोधडी घ्यावी लागायची. मी विचारलं आणि माडीवर? तर म्हणाली, माडीवर पत्रा होता रे, तिथं मांजरपण जायचं नाही. हे एक बरंय आईचं, आठवणीतसुद्धा खोटं बोलत नाही.

७ एप्रिल, रविवार

फजितीची नोंद. प्रामाणिकपणे लिहितो.

ठरलं ते असं की टेरेस पांढरं करायचं. हिशोब साधा आहे, भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं, आमचं टेरेस साडेसहाशे स्क्वेअर फूट, म्हणजे ६० चौरस मीटर, म्हणजे ६० हजार वॅट. बाथरूममधले तीस गीझर एकदम चालू केल्यासारखं. राखाडी कोबा त्यातलं बहुतेक सगळं पिऊन टाकतो. पांढरा चुना बहुतेक परत पाठवतो. कंपन्यांचे तयार कूल रूफचे पेंटपण मिळतात, ते जास्त टिकतात, पण सोसायटीत "टेरेस कोणाचं" हा वाद अजून मिटलेला नसल्याने महाग काही करायला हात धजेना. चुना स्वस्त.

तर रविवार कारंज्याजवळून १५ किलो कळीचा चुना आणला. दुकानदाराने विचारलं ड्रम लोखंडी आहे ना, मी म्हटलं हो हो. घरी लोखंडी ड्रम नव्हता. प्लॅस्टिकचा होता, निळा, कपडे भिजवायचा. काय होतंय.

सांगतो काय होतंय ते. कळ्यांवर पाणी ओतल्यावर पहिलं मिनिटभर काहीच नाही. मग एक कळी तडकली, चर्र असा आवाज आला, मग दुसरी, मग सगळं मिळून डाळ उकळावी तसं रटरटायला लागलं, वाफ, फुफाटा, ठिणगी नाही की आग नाही आणि पाणी उकळतंय. मी लांब सरकलो तोपर्यंत ड्रमच्या पोटाला एक बाजूने बाक आला, प्लॅस्टिक मऊ होऊन हळूहळू बसलं, अगदी म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तसं, आणि मग चिरलं. अर्धा चुना टेरेसच्या कोपऱ्यात, तिथून पन्हाळीत. गॉगल घातला होता एवढंच शहाणपण केलं, डोळ्यात गेला असता तर ही वही इथंच संपली असती. चुना विरवताना डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, ड्रम लोखंडी, आणि पाण्यात चुना थोडाथोडा टाकायचा, ढिगावर पाणी ओतायचं नाही. आईने नंतर सांगितलं हे. आधी सांगायचं ना, तर म्हणे तू विचारलंस कुठं.

१४ एप्रिल, रविवार

मधल्या आठवड्यात पाडवा झाला. मित्राकडून लोखंडी पिंप आणलं, परत १० किलो चुना, तीन दिवस भिजत ठेवला, जुन्या साडीतून गाळला. त्यात चिकटायला फेविकॉल, एका बादलीला पाव किलोच्या हिशोबाने. आईने मला न विचारता नीळ टाकली. तिच्या मते निळीशिवाय चुना म्हणजे मिठाशिवाय वरण.

आधी टेरेस झाडून, धुऊन, शेवाळाचे काळे डाग तारेच्या ब्रशने घासून काढले, यातच सकाळ गेली. भेगा होत्या त्या भरल्या. मग लांब दांड्याचा ब्रश घेऊन पहाटे साडेपाच ते आठ, दोन दिवस, तीन हात. पातळ ताकासारखा लावायचा, जाड लावला की पापुद्रे सुटतात. ओला असताना काही दिसतच नाही, वाटतं नुसतं पाणी मारलंय, आणि वाळत आला की डोळ्यासमोर पांढरा होत जातो, ते बघायला मजा येते.

एक गोष्ट मुद्दाम केली. स्टोअररूमच्या वरचा तुकडा, साधारण खाटेएवढा, तसाच राखाडी ठेवला. तुलनेला. बायको म्हणाली, दिसतं कसं ते, विटलेल्या दातासारखं. असू दे.

खर्च सगळा मिळून हजाराच्या आत, मोडलेला ड्रम धरून.

२० एप्रिल, शनिवार

काल कामदा एकादशी, रामरथाच्या मिरवणुकीला गेलो होतो, येईपर्यंत रात्रीचे साडेदहा. दमलो होतो पण गन घेऊन फिरलोच.

काल दुपारी अडीचचे आकडे: राखाडी तुकडा ६१. पांढरा भाग ४३. एका पावलाचं अंतर! चप्पल काढून एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून बघितला, राखाडीवरचा पाय दोन सेकंदात उचलला गेला.

रात्री नऊचं छत (घरच्यांना घ्यायला लावलं): स्टोअररूम ४०.५, आईची खोली ३५.

साडेपाच अंश. बाकीचं काही न बदलता. अजून खोली गरम आहेच, पश्चिमेची भिंत आहे आणि ३५ म्हणजे काही महाबळेश्वर नाही, पण डोक्यावर तवा असल्याची जी भावना असते ना, कपाळाला धग लागते पडल्या पडल्या, ती गेली. आईला न सांगता तिला खोलीत बसवलं आणि विचारलं. ती म्हणाली, "आज ढग होते का रे दिवसभर?"

२८ एप्रिल, रविवार

कूलर. जुना लोखंडी, माळ्यावर पडलेला. पंप जाम, गवत कुजून त्याचं खत. नवीन गवत, नवीन पंप, आतून डांबरी रंगाचा हात.

आधी दोन थर्मामीटर शेजारी टांगले, एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळली आणि पुठ्ठ्याने वारा घातला. कोरडा ३९, ओला साडेएकवीस. कूलर जास्तीत जास्त त्या ओल्या आकड्याच्या दिशेने जाऊ शकतो, पूर्ण पोचत नाही, बरा कूलर तीन चतुर्थांश वाट कापतो. आमच्या कूलरच्या तोंडाशी २६ आलं. ही कोरड्या हवेची कमाई, एक लिटर पाणी उडालं की साधारण ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता हवेतून काढून घेतं, आणि आमचा कूलर सहा तासांत ४० लिटर पाणी पितो. एवढं काम, आणि मोटर खाते जेमतेम एका जुन्या फॅनच्या दुप्पट.

पण लोक चूक काय करतात (आम्हीपण केली) तर दारं-खिडक्या बंद करून कूलर लावतात, एसीसारखं. तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट, आणि मग म्हणतात कूलर बेकार. कूलर खिडकीच्या बाहेर पाहिजे, कोरडी हवा ओढणारा, आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी, आलेली हवा बाहेर जायला. आईच्या खोलीचं दार उघडं, पॅसेजमधून किचनची खिडकी उघडी, तेव्हा कुठं जमलं.

बोअरचं पाणी वापरायचं नाही असं ठरवलंय, मागच्या वेळी त्यानेच गवताचा दगड झाला होता. नळाचं पाणी आणि दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी, कारण पाणी उडतं, क्षार खालीच राहतात. ते काढलेलं पाणी संडासात, झाडांना नाही.

५ मे, रविवार

तक्रार आली. समोरच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरच्या काकू. जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुमच्या त्या पांढऱ्या गच्चीनं दुपारी आमच्या हॉलमध्ये डोळे उघडवत नाहीत, आणि गरम पण व्हायला लागलंय बरं का." मला आधी वाटलं उगाच. मग त्यांच्याकडे जाऊन बसलो, दुपारी एक वाजता, सरबत घेत, आणि खरंच होतं. आमचं टेरेस आरशासारखं त्यांच्या छतावर उजेड फेकत होतं.

रात्री ताईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. फीनिक्समध्ये २०२० पासून रस्त्यांवर फिकट रंगाचा थर देतायत, डांबर तापू नये म्हणून. तिथल्या विद्यापीठाने मोजलं, दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग खरंच बराच गार निघाला, पण त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला भर दुपारी जास्त ताप सोसावा लागत होता, कारण परत फिरलेलं ऊन अंगावर येतं. परत पाठवलेलं ऊन कुठंतरी जाणारच ना, मी ते आकाशात गेलं असं धरून चाललो होतो, त्यातलं थोडं काकूंच्या सोफ्यावर गेलं.

उपाय: पिंपळगावला मामांची द्राक्षबाग आहे, त्यांच्याकडे शेडनेटचे तुकडे पडलेले असतात. त्या बाजूच्या कठड्यावर बांबू बांधून सहा फूट उंच शेडनेट लावली. काकूंचं काम झालं, आणि तेवढ्या पट्ट्यावर दुपारनंतर सावलीपण पडते. मामा म्हणाले, माणसापेक्षा घडाची जास्त काळजी घेतो आम्ही, उन्हाने मणी चट्टे पडून जातात म्हणून. उरलेली नेट आईच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून लावली, भिंतीपासून वीतभर लांब, मध्ये वारा खेळता राहील अशी. चिकटून लावली तर काही उपयोग नाही, नेटच तापते आणि भिंतीला देते.

१२ मे, रविवार

आता वेळापत्रक बसलंय, ते असं. सकाळी साडेआठला सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बाहेर ३० झालं की बंद हाच नियम. संध्याकाळी साडेसात-आठला बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की सगळं उघडायचं. आणि टेबल फॅन आईच्या खिडकीत उलटा, तोंड बाहेर करून, म्हणजे आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि किचनच्या बाजूने गार हवा ओढली जाते. बघायला येडपटासारखं दिसतं, पाहुणे विचारतात फॅन कोणाला घालताय. पण तासाभरात खोली तीन अंश उतरते.

या वेळापत्रकाला सगळ्यात जास्त विरोध कोणाचा तर आईचा. दुपारी खिडकी उघडी नसेल तर तिला कोंडल्यासारखं होतं. "वारं तर येऊ दे." आई, ते वारं ४० चं आहे. "असू दे, वारं आहे ना." यावर माझ्याकडे उत्तर नाही. एक खिडकी, पूर्वेची, बोटभर उघडी ठेवायची असा तह झाला.

मधल्या मंगळवारी दुपारी अडीच तास लाईट गेली. कूलर बंद, फॅन बंद. आई ओला पंचा मानेवर टाकून माठाजवळ बसून राहिली, वाळा घातलेलं पाणी पीत. तिला तहान लागतच नाही, हा मोठा प्रॉब्लेम आहे, म्हाताऱ्या माणसांना ती जाणीव कमी होते आणि बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. म्हणून आता गजर लावलाय, दर तासाला अर्धा पेला, कधी पन्हं, कधी ताक. गोळीच्या डोसाबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवलं, आपल्या मनाने काही नाही.

बाकी एक गंमत. टेरेसवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी ४६. हात धुवायचीसुद्धा चोरी. ताईच्या शेजारी कुवेतला राहून आलेले एक जण आहेत, त्यांची युक्ती: उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा, त्याच्या पोटात पाणी सावलीत पडून राहतं आणि खोलीच्या तापमानाला येतं, मग गार पाण्यासाठी गरमचा नळ सोडायचा. केलं. ४६ च्या ऐवजी ३२. फक्त १५ लिटरच मिळतं, आणि मुलगा रोज विसरून निळा नळ सोडतो आणि बोंबलतो.

२० मे, सोमवार

मतदान. आई म्हणाली सकाळी सातलाच जाऊ, आणि गेलो, तरी रांगेत पाऊण तास. शाळेच्या पटांगणात मंडप होता पण रांग मंडपाच्या बाहेर. आमच्या पुढचे एक आजोबा खाली बसले, घाम नव्हता, कातडी कोरडी, आणि बोलणं तुटक. दोन-तीन जणांनी उचलून व्हरांड्यात नेलं, शर्ट सैल केला, मानेला-काखेत ओले रुमाल लावून वर्तमानपत्राने वारा घातला, एकाने १०८ ला फोन केला. कोणीतरी तोंडात पाणी ओतायला लागलं होतं, त्याला थांबवलं, पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजायचं नसतं, ठसका लागून फुप्फुसात जातं. गाडी येईपर्यंत ते बरे बोलायला लागले, मुलाचं नाव सांगितलं. पुढचं कळलं नाही.

तेव्हा घड्याळात नऊसुद्धा वाजले नव्हते.

घरी आल्यावर ताईशी बोललो. तिच्या काउंटीत, मॅरिकोपात, २०२३ ला उष्णतेमुळे ६४५ माणसं गेली. पैसा आहे, एसी घरोघरी आहे, तरी. बरीच रस्त्यावर राहणारी, पण घरात गेलेलीही आहेत, ज्यांचा एसी बिघडला होता किंवा नव्हताच. ती एसीसाठी माझ्या मागे का लागते ते मला आज कळलं. तिला तिथं एसी म्हणजे आपल्याकडच्या छपरासारखा आहे. मी तिला सांगितलं की लाईन नवीन ओढून ठेवतो पावसाळ्यात, एसी लागो न लागो. तेवढ्यावर ती थांबली.

२६ मे, रविवार

परवापासून आई स्वतःच्या खोलीत झोपतेय.

मी काही म्हटलं नव्हतं. शुक्रवारी रात्री हॉलमधली गादी तिने स्वतःच गुंडाळून ठेवली आणि आत गेली. मी साडेदहाला गन घेऊन दारात उभा, छत ३४, हवा २९, बाहेर २५, खिडकीतला फॅन उलटा चाललेला. तिने डोळे न उघडता सांगितलं, "ते पिस्तूल खाली कर आणि झोप."

पहाटे चारला तिने उठून चादर घेतली. हे मला बायकोने सांगितलं.

मालेगावच्या चुलतभावाला फोटो पाठवला टेरेसचा, त्यांचं तर ४३ काय रोजचंच, वर पत्र्याचं छत. त्याने विचारलं पत्र्यावर चालेल का. चालेल, पण नुसता चुना पत्र्यावर धरत नाही, पत्र्यासाठीचा पांढरा पेंट घे आणि खाली काहीतरी फॉल्स सीलिंग कर, हवा खेळेल अशी फट ठेवून. बघू करतो का.

६ जून, गुरुवार

व्हायचं तेच झालं. चार दिवस झाले हवा बदललीय, आभाळ भरून येतं, पडत नाही. आज दुपारी कोरडा ३४, ओला २७. कूलरच्या तोंडाशी २९ आणि तेही वाफेसारखं. मेमध्ये ३९ ला जेवढं बरं वाटत होतं तेवढं आज ३४ ला वाटत नाही. कूलरचा पंप बंद करून नुसता फॅन म्हणून चालवतोय. ताई म्हणाली त्यांच्याकडेही पूर्वी घरोघर कूलर होते, जुलैत तिकडचा मान्सून आला की ते असेच पांगळे पडायचे. म्हणजे वाळवंटातल्या युक्त्या आपल्याला मार्च ते मे उसन्या मिळतात, मग परत कराव्या लागतात.

रात्रपण उतरत नाहीये, ढगांमुळे. काल रात्री दहाला बाहेर २९. खिडकीतला उलटा फॅन काही कामाचा नाही. आई काही बोलली नाही, पण पहाटे हॉलमध्ये सोफ्यावर बसलेली दिसली.

पांढरं टेरेस तेवढं अजून काम करतंय, छत स्टोअररूमपेक्षा चार अंश खाली. दुसरं काहीच नाही.

१० जून, सोमवार

काल संध्याकाळी आला. आधी धूळ, मग वारा, शेडनेटचा एक बांबू निघून काकूंच्या बाजूला लटकला, मग धो धो तासभर. मी टेरेसवर पळालो बांबू धरायला आणि बघतो तर पायाखालून दूध वाहतंय. फेविकॉल कमी पडला, किंवा तिसरा हात नीट वाळला नव्हता, वरचा थर सुटून पांढरं पाणी पन्हाळीतून थेट खाली पार्किंगमध्ये. आणि पन्हाळीखाली तळमजल्यावरच्या काकांची काळी गाडी, नेमकी कालच तिथं.

आज सकाळी साडेसहापासून गाडी धुतोय. साध्या पाण्याने पांढरे ओघळ जात नाहीत, व्हिनेगर पाण्यात पातळ करून फडक्याने, लगेच धुऊन. काका खुर्ची टाकून शेजारी बसले होते. एकदाच बोलले, "आमच्या खालच्या मजल्याला या सगळ्याचा काय फायदा, ते सांग." खरं म्हणजे काही नाही. चहा पाजला.

टेरेसवर अंदाजे निम्मा चुना शिल्लक, राखाडी तुकड्याभोवती नकाशे झालेत. पुढच्या वेळी फेविकॉल दुप्पट, पन्हाळीच्या तोंडाशी दोन फूट चुना लावायचाच नाही, काम पाडव्याच्या आधी संपवायचं म्हणजे वाळायला जास्त वेळ मिळेल. गन मित्राला परत द्यायची आहे, एक महिन्याचे तीन झाले. इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय लाईनचं बघायला.

आत्ता रात्री दहा: बाहेर २३, छत २८. आईची खिडकी सताड उघडी, तिने उशी खिडकीच्या बाजूला घेतलीय आणि पाय भिजले तरी बंद करू देत नाहीये.